बांधापलीकडची तुती

आमच्याकडं शेजारी तुतीचं शेत असलं की एक रीत पाळावी लागते. फवारा मारायच्या आदल्या दिवशी जाऊन सांगायचं, उद्या मारणार आहे, अमुक वाजता मारणार आहे. मग रेशमाच्या अळ्या पाळणारी बाई पहाटेच उठून दुपारपर्यंत पुरेल एवढा पाला कापून घेते, ओल्या पोत्यांखाली झाकून ठेवते आणि शेडच्या जाळ्यांवरचे पडदे सोडते. कारण ह्या अळ्या फार नाजूक. पानावर औषधाचा पुसटसा थर असला तरी खाल्ल्यावर तासाभरात आडव्या होतात. ही रीत कुठं लिहिलेली नाही, तरी ती मोडली तर दोन घरांचं बोलणं बंद होतं, हे सगळ्या शिवाराला माहीत आहे.

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या सोयाबीनच्या बांधापलीकडं माझ्या थोरल्या जावेची तुती आहे. वाटणीआधी ते एकच शेत होतं. वाटणी झाली आणि दोघा भावांची तोंडं दोन दिशांना झाली. आम्ही जावा मात्र कामापुरतं, सणापुरतं बोलत राहिलो. त्या मला तू म्हणतात, मी त्यांना बाई म्हणते. बांधाच्या अलीकडं मी अळी मारते आणि पलीकडं त्या अळी पोसतात, म्हणजे भांडण व्हायला खरं तर आणखी काही लागत नव्हतं.

मी ड्रोननं फवारते. दोन वर्षांपूर्वी परभणीला पंधरा दिवस राहून शिकले, बचत गटातून मशीन मिळालं, आणि तेव्हापासून गावात माझं नाव फवारणीवाली पडलं. नवरा टेम्पो चालवतो, औषध कालवतो, टाकी भरतो. उडवायचं काम माझं. माझा स्वभाव तापट आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही, पण ह्या मशीननं मला जेवढं तापवलंय तेवढं सासरच्या माणसांनीही कधी तापवलं नव्हतं.

शेत फवारायचं तर आधी रिमोट हातात धरून कडेकडेनं चालायचं आणि कोपरे नोंदवायचे. मग त्या कडेपासून किती आत राहून मशीननं फिरायचं, तो आकडा टाकायचा. तुतीच्या बाजूला मी हा आकडा पाच मीटर ठेवायचे. त्या पाच मीटरच्या पट्ट्यात औषध मारायचंच नाही, तेवढं सोयाबीन अळीनं खाल्लं तर खाऊ दे, असा माझा हिशेब. नवरा त्यावरून कुरकुरायचा, पण आकड्याला हात लावायची त्याची छाती नव्हती.

मी सांगतेय त्या दिवसांत जाऊबाईंच्या शेडमधल्या अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या. ह्या अवस्थेत सात-आठ दिवस त्या नुसत्या खात सुटतात आणि मग कोष विणायला बसतात. म्हणजे आधीची सगळी मेहनत ह्या आठ दिवसांवर. त्याआधीच्या साली त्यांच्या दोन बॅच वाया गेल्या होत्या. एक उन्हानं गेली. दुसरी कुणाच्या तरी फवाऱ्यानं गेली, पण कुणाच्या ते कधीच कळलं नाही. तेव्हा थोरले दीर सगळ्यांसमोर बोलले होते, की यंदाची बॅच गेली तर तुती उपटून टाकीन आणि शेडमध्ये कडबा भरीन. ते बोलले की करतात. ते शेड जाऊबाईंनी हट्टानं उभं केलं होतं, जाळ्या स्वतःच्या हातानं शिवल्या होत्या. त्या घरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

आदल्या संध्याकाळी मी बांधावर उभी राहून त्यांना सांगितलं, "बाई, उद्या सकाळी सात ते आठ मारणार हाय. आठनंतर काई न्हाई."

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "मी चारलाच पाला कापून घेते."

सकाळी सव्वासहाला आम्ही शेतात होतो. वारा पूर्ण पडलेला. फवाऱ्याला ह्याहून चांगली वेळ मिळत नाही. मशीन उतरवलं, त्याचे दुमडलेले हात उघडले, टाकी भरली, रिमोट चालू केला, तर पडद्यावर सूचना: नवीन अपडेट आलं आहे, ते घेतल्याशिवाय उडता येणार नाही. काल संध्याकाळपर्यंत नीट उडणारं मशीन रातोरात अडाणी कसं झालं, हे मला आजतागायत कुणी समजावून दिलेलं नाही.

आमच्या शेतात रेंज म्हणजे नशिबाची गोष्ट. नवरा फोन घेऊन टेम्पोच्या टपावर चढला आणि हात वर करून उभा राहिला. मी खाली रिमोटकडं बघत बसले. बारा टक्के. एकतीस. मग त्रेचाळीसवर जे थांबलं ते थांबलंच.

"किती झालं?" त्यानं वरून विचारलं.

"त्रेचाळीस."

"मघाशीबी त्रेचाळीसच व्हतं की."

"मंग आता काय त्याला दोरी बांधून वढू का?"

आमच्या जिल्ह्यातल्या ड्रोनवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. तो उघडला तर सकाळपासून सगळ्यांची तीच रड. कुणाचं मशीन अर्ध्यात अडकलेलं, कुणाचं दोनदा बंद होऊन चालू झालेलं. एकानं लिहिलं होतं, अपडेट घेऊ नका, घेतलं की उपग्रह लवकर धरत नाही. मी ते वाचलं तेव्हा आमचं सत्तर टक्के झालं होतं, आणि मधेच तोडलं तर मशीन कायमचं बंद पडायची भीती. म्हणजे पुढंही जाता येईना, मागंही येता येईना. मशीनचं झालं तर रिमोटचं वेगळं अपडेट निघालं. रिमोटचं झालं तर बॅटऱ्यांचं. चार बॅटऱ्या, एकेक करून लावायची, एकेकीची वाट बघायची. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण राग काढायला समोर नवरा सोडून कुणी नव्हतं, आणि तो बिचारा टपावर उन्हात उभा.

हे सगळं व्हायला नऊ वाजले. मग मशीन म्हणालं, होकायंत्र पुन्हा जुळवा. त्यासाठी दोघांनी दोन बाजूंनी मशीन उचलून जागच्या जागी गोल फिरायचं असतं, मग तेच उभं धरून पुन्हा फिरायचं. रस्त्यावरून जाणारी दुचाकी थांबवून एक जण आमच्याकडं बघत उभा राहिला. नवराबायको भर शेतात फुगडी घालतायत असंच त्याला वाटलं असणार. एरवी मी हसले असते.

त्यानंतर उपग्रहांची वाट. मशीनला आपण कुठं उभे आहोत हे आकाशातल्या उपग्रहांवरून कळतं, आणि जितके जास्त सापडतील तितकं ते नेमकं कळतं. रोज दोन-तीन मिनिटांत पंधरा-सोळा मिळायचे. त्या दिवशी चार. मग सहा. मग सात. मग पुन्हा पाच.

"ढग हाय म्हणून धरंना गेलंय," नवरा म्हणाला.

"ढगाचा काई संबंध न्हाई. अपडेट झालं की त्याला सगळं पयल्यापून हुडकावं लागतं."

"किती येळ?"

"मला काय माहीत? मी वर जाऊन बसलेय का?"

नवऱ्यावर खेकसून झालं तरी आकडा हलला नाही. जाऊबाईंना सात ते आठ सांगितलं होतं आणि साडेनऊ वाजून गेले होते. पलीकडं बघितलं तर आठ झाल्यावर त्यांनी शेडचे पडदे वर बांधून टाकलेले दिसत होते. माझ्या भरवशावरच बांधले होते. मी त्यांना उशीर होतोय म्हणून सांगायला हवं होतं. सुचलं नाही म्हणाले तर खोटं होईल. सुचलं होतं, दोनदा सुचलं. पण आता होईल, आता होईल, करत मी रिमोटला चिकटून राहिले.

दहा वाजून गेल्यावर बांधावरच्या गवताची टोकं हलायला लागली. वारा सुटायच्या बेतात होता आणि तुतीच्याच दिशेला होता. पण सोयाबीनच्या पानांची अळीनं चाळणी केली होती आणि पुढचे तीन दिवस पाऊस सांगितला होता. आज नाही मारलं तर आठवड्यानं मारून उपयोग नव्हता. साडेदहाच्या सुमाराला आकडा अकरावर आला आणि हिरवी खूण दिसली. मी नेहमी पंधरा झाल्याशिवाय उडवत नाही. त्या दिवशी अकरावर उडवलं. वारा वाढायच्या आत एक टाकी तरी पडू दे, एवढंच डोक्यात होतं.

मशीन तुतीच्या बाजूनं सुरू झालं. मी टेम्पोजवळ, शेताच्या ह्या टोकाला. पडद्यावर त्याची रेघ बांधाला अगदी चिकटून चाललेली दिसली, पण पडद्यावरचा नकाशा कायमच थोडा सरकलेला असतो म्हणून मी तिकडं दुर्लक्ष केलं. सहा-सात मिनिटांत टाकी संपवून ते परत आलं. नवरा टाकी भरायला लागला आणि मी सहज सेटिंग उघडली. तुतीच्या बाजूला पाच असायला हवे होते. तिथं शून्य होतं. अपडेटनं माझे सगळे आकडे पुसून कंपनीचे टाकले होते.

मी नकाशा उघडला. फवारलेला भाग पडद्यावर रंगवलेला दिसतो. तो रंग बांध ओलांडून पलीकडं गेलेला होता. दोन मीटर, तीन मीटर, कुठं कुठं जास्तच.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"थांबा. टाकी भरू नका."

मी बांधापर्यंत चालत गेले. तुतीच्या पहिल्या रांगेसमोर उभी राहिले आणि पानं बघितली. पानं कोरडी होती. पण ऊन चढलेलं, वारा चालू, थेंब पडले असते तरी एव्हाना वाळले असते. वाकून वास घेतला तर वास येत होता, पण तो पानाचा की माझ्या हाताचा हे कळेना. सकाळपासून मी औषधातच होते. रिमोटचा पडदा म्हणत होता गेलंय, आणि मशीन स्वतःची जागा सांगण्यातच दोन-तीन मीटर चुकत होतं. म्हणजे गेलं असेल, नसेलही. मान वर करून शेडकडं बघितलं तर पडदे खाली सोडलेले होते. उन्हासाठी सोडले असतील, असं मी मनाला सांगितलं. तेव्हा अकरा वाजले होते.

आम्ही मशीन टेम्पोत चढवलं आणि आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, आलो. आमचा आखाडा आणि जाऊबाईंचं शेड ह्यांत दोनशे पावलांचं अंतर. ओट्यावर बसलं की त्यांचं सगळं येणंजाणं दिसतं.

मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं औषधाच्या डब्याला झाकण लावलं. मग म्हणाला, "गेलं का न्हाई ते तुला तरी ठाव हाय का?"

"न्हाई."

"मंग सांगायला काय जायचं? चारी बाजूनं लोकं फवारायलेत. उद्या दुसऱ्याच्या फवाऱ्यानं काई झालं तरी आपल्याच नावावर येईल. आधीच दादा बोलंना गेलाय."

"आन खरंच गेलं असलं तर?"

"तर मशीनीनं केलं. आकडा तू पुसला व्हता का?"

मला ते फार बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं. आकडा मी पुसला नव्हता. उपग्रह मी लपवले नव्हते. अपडेट मी मागितलं नव्हतं. मी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, मॅडम, अपडेटनंतर सगळी सेटिंग तपासून घ्यायची सूचना आम्ही दिलेली आहे, तरी तुम्ही उड्डाणाची नोंद पाठवा, दोन दिवसांत कळवतो. मी त्या बाईवर एवढी ओरडले की नवरा आतून बाहेर आला. फोन ठेवल्यावर मला कळलं, की मला नोंद पाठवायची नव्हती, उत्तरही नको होतं. मला फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं की चूक तुमची नाही.

आणि चूक माझी होती. सेटिंग बघायला अर्धं मिनिट लागतं. पंधरा उपग्रहांची वाट बघता येत होती. बांधावर जाऊन एक हाक मारता येत होती. हे सगळं मला बारा वाजताच स्वच्छ दिसत होतं, तरी मी उठले नाही. भाकरी वाढून घेतली आणि तशीच झाकून ठेवली. जाऊबाईंनी सकाळी कापलेला पाला दुपारपर्यंत पुरणार होता. संध्याकाळचा पाला त्या चारला कापतात. म्हणजे चारपर्यंत काही बिघडत नाही, मी स्वतःशी म्हणत होते, चारपर्यंत वेळ आहे. एक वाजला. दोन वाजले. मनात मी त्यांच्याशी दहा वेळा बोलले आणि प्रत्येक वेळी वाक्याची सुरुवात 'बाई, ते अपडेट' अशीच होत होती. तीनच्या सुमाराला मी चक्क ठरवलं, की सांगायचं नाही. गेलं नसेलच, आणि गेलं असेल तर कुणालाही कळणार नाही. मागच्या वेळी कुठं कळलं होतं?

त्या विचारासरशी मागची बॅच डोळ्यांसमोर आली. मागच्या वेळी मेलेल्या अळ्या जाऊबाईंनी टोपल्यांनी बाहेर काढल्या होत्या आणि खड्डा करून पुरल्या होत्या. मी तेव्हा त्यांच्याबरोबर खड्डा खणला होता. ज्यानं कुणी फवारलं त्याला दोघींनी मिळून शिव्या दिल्या होत्या, आणि माझ्या शिव्या जास्त होत्या.

पावणेचारला जाऊबाई शेडमधून बाहेर आल्या. हातात विळा, खांद्यावर पाला बांधायचं फडकं. त्या कुठल्या बाजूला वळतात ते बघायला मी थांबले नाही. ओट्यावरून उतरले आणि धावत सुटले. पायात चप्पल नव्हती, ते शेडपाशी पोचल्यावर कळलं.

"बाई, पाला कापू नका!"

त्या थांबल्या. मी धापा टाकत सगळं एका दमात सांगितलं. "सकाळी मशीन तुतीवर आलं. दोन-तीन मीटर. जास्तबी असंल. आकडा शून्य व्हता, मी बघितला न्हाई. माझी चूक हाय." अपडेटचा शब्द मी काढला नाही. काढला असता तर मी पुन्हा त्याच्या आड लपले असते.

मला वाटलं त्या ओरडतील. तुळजाभवानीची शपथ घालतील, दिरांना हाक मारतील. त्यांनी विळा खाली ठेवला आणि विचारलं, "कोणतं औषध व्हतं?"

मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हात धू. साबणानं. कोपरापर्यंत. आन चुन्याच्या रेघेच्या आत येऊ नगंस."

शेडच्या दाराशी चुन्याची जाड रेघ असते. रोग आत जाऊ नये म्हणून पाय त्यातून घेऊन आत जायचं. मी रेघेबाहेर उभी राहिले. जाऊबाईंनी तीन ताटल्या घेतल्या. पहिल्या रांगेतलं पान एका ताटलीत, चौथ्या रांगेतलं दुसरीत, दहाव्या रांगेतलं तिसरीत. रॅकवरून मोजून वीस-वीस अळ्या उचलल्या आणि त्या पानांवर सोडल्या. रेशमवाल्या बायकांची ही जुनी तपासणी आहे. प्रयोगशाळा लागत नाही, मशीन लागत नाही. वीस जिवांना खाऊ घालायचं आणि बघत बसायचं.

तीनही ताटल्या त्यांनी उंबऱ्यावर ठेवल्या, म्हणजे मलाही दिसाव्यात. त्या आत बसल्या, मी बाहेर. मागं शेडमध्ये हजारो अळ्या भुकेनं डोकी वर करायला लागल्या होत्या. त्यांची खायची वेळ झाली होती. खात असल्या की शेडभर कोरडी पानं चुरगळल्यासारखा आवाज चालू असतो. तो आवाज बंद होता.

तीनही ताटल्यांतल्या अळ्या खायला लागल्या. पानाच्या कडेनं, वरून खाली, पुन्हा वरून खाली. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. सगळ्या खात होत्या. माझ्या मनात आलं, गेलं नाही, औषध गेलं नाही. मी उगाच बोंबलत आले. तेवढ्यात पहिल्या ताटलीतल्या एका अळीनं खाणं थांबवलं. डोकं वर उचललं आणि एकदा इकडं, एकदा तिकडं हलवलं. मग तोंडातून हिरवट पाणी काढलं.

जाऊबाईंनी ताटली उजेडाकडं सरकवली. दुसरी थांबली. मग तिसरी. त्या अंग आखडून घ्यायला लागल्या, बोटाएवढ्या अळ्या पेराएवढ्या झाल्या. तासाभरात पहिल्या ताटलीत हलणारं काही उरलं नव्हतं. मी रडत होते आणि मला पुसायलाही जमत नव्हतं, कारण आपले हात डोळ्यांपाशी न्यायची मला भीती वाटत होती.

चौथ्या रांगेच्या ताटलीत दोन अळ्या सुस्तावल्या, बाकीच्या खात राहिल्या. दहाव्या रांगेच्या सगळ्या ठणठणीत. जाऊबाई उठल्या. "सातव्या रांगंपस्तोर सोडून देऊ," त्या म्हणाल्या. "त्याच्या पलीकडचा पाला चालतोय." विळा घेऊन त्या लांबच्या कोपऱ्यात गेल्या. मी मागं निघाले तर त्यांनी नुसता हात दाखवून मला थांबवलं. माझ्या हातांनी तोडलेला पाला त्यांना चालणार नव्हता. एकट्या बाईनं अंधार पडायच्या आत सगळ्या शेडचा पाला कापला, चार खेपा केल्या, आणि मी बांधावर उभी राहून बघत होते. एवढी निरुपयोगी मी आयुष्यात कधी नव्हते.

सात रांगा गेल्या म्हणजे शेवटचे दोन दिवस पाला कमी पडणार होता. त्याची सोय आम्ही केली. चारठाण्याच्या पुढं एका गावात तुती जास्तीची होती. आम्ही टेम्पो पाण्यानं तीनदा धुतला, सोड्यानं धुतला आणि पाला आणला. येताना नवरा म्हणाला, "सांगितलं ते बरं केलं." त्या दिवशी उलटं बोलला होता ते मी त्याला आठवून दिलं नाही. दिरांना जाऊबाईंनी काय सांगितलं माहीत नाही, पण ते आमच्या दारात भांडायला आले नाहीत.

अळ्या कोषावर गेल्या. पाच-सहा दिवसांनी कोष काढायला गावातल्या सात-आठ बायका जमल्या आणि जाऊबाईंनी मलाही बोलावलं. मी दोन दिवस मशीनला हात लावला नव्हता, सकाळी डोक्यावरून अंघोळ करून गेले. चुन्यात पाय बुडवून पहिल्यांदा त्या शेडच्या आत आले. जाळ्यांवर पांढरे कोष गच्च बसले होते. बायका ते सोडवून टोपल्यांत टाकत होत्या आणि बॅच कशी वाचली त्याची चर्चा चालली होती.

"ह्या माझ्या जावंनं वाचवलं," जाऊबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मशीन चुकलं तशी लगेच पळत आली. अनवाणी आली. दुसरं कुणी असतं तर तोंड लपवून बसलं असतं."

बायका माझ्याकडं कौतुकानं बघायला लागल्या. एकीनं तर पाठीवरून हात फिरवला. मला तो 'लगेच' सहन होईना. दुपारी बायका भाकरी खायला बाहेर गेल्या तेव्हा मी जाऊबाईंना आत गाठलं.

"बाई, मी लगेच न्हाई आले. मला अकरालाच कळलं व्हतं. पावणेचारपस्तोर मी घरात बसून व्हते. सांगायचं न्हाई असंच ठरवलं व्हतं."

त्या कोष निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठाव हाय मला. मशीन बांध वलांडून हिकडं आलं ते मी जाळीतून बघितलं, तू पानांचा वास घेतलास तेबी. तिकडचा पाला मी कापणारच नव्हते."

"मंग तवाच कामून वरडल्या न्हाईत?"

"वरडून कबूल करून घेतलं असतं तर त्याला काय अर्थ? तू येतीस का न्हाई ते बघत बसले. लय येळ लावलास."

"मंग आता ह्या बायांना 'लगेच आली' म्हणून कामून सांगायल्या?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, पण मायाही नव्हती.

"पुढच्या बारीला लगेच यावंस म्हणून," त्या म्हणाल्या, आणि टोपली माझ्या हातात दिली.